‘तुझ्यात कॉन्फिडन्स नाही’ असं सर म्हणतात तेव्हा

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. सरकारी मेडिकल कॉलेजात एमएस जनरल सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका रेझिडेंटने (शिकत असलेल्या निवासी डॉक्टरने) विचारलं आहे. युनिटमध्ये ती एकटीच मुलगी. तिच्याच बॅचच्या मुलाला हर्निया, हायड्रोसील, अपेंडिक्स करायला मिळतात. तिच्या हातात रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) राहतो. सर म्हणतात, “हात चांगला आहे तुझा, पण कॉन्फिडन्स नाही.” घरून आईचं चालू आहे की अजून वेळ गेलेली नाही, दुसरी ब्रँच बघ. तिला दोन गोष्टी हव्या आहेत: कॉन्फिडन्स वाढवायचा कसा, आणि वाढणारच नसेल तर सर्जरी सोडावी का.

मी जनरल सर्जन आहे, मेडिकल कॉलेजात शिकवते. तू माझ्या रेझिडेंटच्या वयाची आहेस, म्हणून तूच म्हणते.

पोटात दुखतंय म्हणून कोणी कॅज्युअल्टीत आलं तर तू ‘पोटदुखी’ हे निदान लिहून पेशंट घरी पाठवत नाहीस. ‘कॉन्फिडन्स नाही’ हेही तसंच, लक्षण आहे. त्याच्या मागे केसेस कमी मिळणं असू शकतं, स्वतःचं काम कमी लेखायची सवय असू शकते, युनिटमधलं वातावरण असू शकतं, किंवा नुसती महिनोन्‌महिन्यांची अपुरी झोप. प्रत्येकावरचा उपाय वेगळा. तुझ्या बाबतीत कोणतं कारण आहे ते मला इथे बसून सांगता येणार नाही, पण शोधायचं कसं ते सांगता येईल.

सुरुवात लॉगबुकपासून कर. आपल्या अभ्यासक्रमात प्रत्येक केसपुढे ओ, ए, पीए, पीआय असं लिहायचं असतं: पाहिली, असिस्ट केली, सीनिअरच्या देखरेखीखाली स्वतः केली, स्वतंत्रपणे केली. पहिले सहा महिने पाहायचे, मग असिस्ट करायचं, आणि दुसरं वर्ष हे पीएचं वर्ष आहे. म्हणजे या वर्षात तुझ्या हातात सुरी असणं हा उपकार नाही, अभ्यासक्रम आहे. गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी काढ आणि ए किती, पीए किती ते मोज. मग ओटी (ऑपरेशन थिएटर) रजिस्टर बघ, ते इन्चार्ज सिस्टरकडे असतंच, आणि बरोबरच्या मुलाचेही तेच दोन आकडे काढ. हे भांडायला म्हणून करायचं नाही. तुझी शंका खरी आहे की मनाची, ते तुलाच कळावं म्हणून करायचं.

आकड्यांत मोठी तफावत निघाली तर तुझ्या स्वभावात काही बिघाड आहे हा विचार त्याच दिवशी सोडून दे. ज्या हाताने तीस हर्निया केलेत तो हात एकतिसाव्याला शांत असतो. ज्याने दोन केलेत तो तिसऱ्याला थांबत थांबतच चालणार, तो मुलाचा असो की मुलीचा. तुझ्या सरांना वाटतंय की कॉन्फिडन्स आला की केस देऊ. क्रम उलटा आहे. आधी केस, मग चूक सुधारून घेणारं कोणीतरी समोर, मग पुन्हा केस, आणि त्यातून कॉन्फिडन्स. मी शिकवलेल्या रेझिडेंटांत याला अपवाद पाहिलेला नाही.

आणि आकडे सारखेच निघाले तर? तेही होतं. अमेरिकेत सर्जरीच्या रेझिडेंटांवर झालेल्या अभ्यासांत असं दिसलं आहे की शिक्षकांच्या मते काम सारखंच असलं, तरी स्वतःला गुण देताना मुली स्वतःला कमी देतात. माझ्या युनिटमध्येही मी हे पाहते. केस संपल्यावर “कशी झाली?” विचारलं की मुलगा म्हणतो, “छान झाली मॅडम.” मुलगी म्हणते, “सॅक सोडवताना वेळ लागला, शेवटची गाठ सैल वाटत होती, बाकी ठीक.” (सॅक म्हणजे हर्नियाची पिशवी.) दोघांचं काम मी पाहिलेलं असतं, ते सारखंच असतं. मुलीचं उत्तर खरं तर जास्त उपयोगी आहे. पण ऐकणाऱ्या सीनिअरच्या डोक्यात ‘हिला जमत नाही’ एवढंच उरतं, आणि पुढची केस त्या मुलाला जाते. म्हणून तुला एवढंच सुचवते, की जे नीट झालं तेही त्याच वाक्यात सांग. “नर्व्ह जपली, मेश नीट बसली, सॅकला वेळ लागला.” (मेश म्हणजे हर्नियाच्या जागी बसवायची जाळी.) तिन्ही खरंच आहे, त्यात फुशारकी काही नाही.

कोणी तुला सांगत असेल की बायकांना सर्जरी झेपत नाही, तर कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातला अभ्यास लक्षात ठेव. 2017 साली तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. 25 प्रकारच्या शस्त्रक्रिया, एक लाखाहून जास्त रुग्ण. रुग्णाचं वय, इतर आजार, सर्जनचं वय आणि कामाचं प्रमाण, हॉस्पिटल हे सगळं जुळवून तुलना केली होती. पहिल्या 30 दिवसांत मृत्यू, गुंतागुंत किंवा पुन्हा भरती यांपैकी काहीतरी होण्याचं प्रमाण पुरुष सर्जनच्या रुग्णांत 11.6 टक्के, स्त्री सर्जनच्या रुग्णांत 11.1 टक्के. फरक लहान आहे, त्यावरून बायका श्रेष्ठ असं मी म्हणणार नाही. पण बायका कमी पडतात असं म्हणायला त्यात काडीचाही आधार नाही.

आता टेबलापाशी ये, कारण पुष्कळ मुलींचा कॉन्फिडन्स तिथे, अगदी शरीराच्या पातळीवर जातो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. टेबलाची उंची उंच माणसाच्या हिशोबाने लावलेली असते. तू पाच फूट दोन इंच असशील तर खांदे वर ओढून, कोपर बाहेर काढून काम करतेस. पंधरा मिनिटांत मान भरून येते, हात थरथरतो, आणि समोरच्याला वाटतं ही घाबरली. घाबरलेली नसतेस, अवघडलेली असतेस. लॅपरोस्कोपीत (दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत) हे आणखी जाणवतं, कारण पोटात गॅस भरल्यावर पोट वर येतं आणि उपकरणांच्या मुठी त्याहूनही वर. मूठ साधारण कोपराच्या उंचीला यायला हवी. त्यासाठी टेबल ओपन सर्जरीपेक्षा बरंच खाली न्यावं लागतं, आणि तेवढं जात नसेल तर पायाखाली स्टूल लागतं. स्टूल रुंद हवं, कारण कॉटरीचं (विजेवर चालणाऱ्या, रक्त थांबवणाऱ्या हत्याराचं) पेडल त्यावरच ठेवायचं असतं. पेडल खाली जमिनीवर राहिलं तर तू एका पायावर तोल सांभाळत डिसेक्शन (थर सोडवण्याचं काम) करणार. स्क्रब व्हायच्या आधी ओटीतल्या मामांना सांग, “मामा, मोठं स्टूल इकडे लावा, टेबल अजून खाली घ्या.” केसच्या मध्यावर सांगायला संकोच वाटतो, आधी वाटत नाही.

ग्लोव्हजचंही तसंच. साडेसहाचा हात साडेसातच्या ग्लोव्हमध्ये घातला की बोटांच्या टोकाला रबर लोंबतं, बारीक धागा त्यात अडकतो, गाठ नीट बसत नाही. इन्चार्ज सिस्टरला भेटून सहा आणि साडेसहा नंबर इंडेंटमध्ये (मागणीच्या यादीत) टाकायला सांग. आलं नाही तर पुन्हा सांग. लॅपरोस्कोपीच्या उपकरणांबद्दल तर 2004 सालीच अमेरिकेत सर्जनना विचारून झालंय: साडेसहा किंवा त्याहून लहान ग्लोव्ह घालणाऱ्यांना उपकरणं, विशेषतः स्टेपलर (आतड्याला पिना मारणारं हत्यार), वापरायला जास्त अवघड जातात. स्टेपलर एका हाताने दाबला जात नसेल तर दोन्ही हातांनी दाब. कॅमेरा असिस्टंट धरतोय, तुझा दुसरा हात मोकळा करून घे. यात कमीपणा काही नाही, ते हत्यार तुझ्या हाताच्या मापाचं बनवलेलंच नाही.

केस मागायची कशी, हा भाग तू विचारला नाहीस, पण माझ्या मते खरा अडथळा इथे आहे. मुली बहुधा वाट पाहतात. आपण चांगलं काम करतोय, सरांना दिसेल, मग ते देतील. सरांना दिसत नाही. ओपीडी, राउंड, कॉलेजचं काम यांत त्यांच्या डोळ्यांसमोर तेच येतं जे कोणी समोर आणून ठेवतं. बरोबरचा मुलगा मागतो, एवढाच फरक अनेकदा असतो. मागायची वेळ मात्र महत्त्वाची. टेबलावर पेशंट झोपल्यावर, स्पायनल (पाठीतून भूल) देऊन झाल्यावर “सर, मी करू?” म्हटलंस तर नकार जवळजवळ ठरलेला, कारण तेव्हा ॲनेस्थेशियाच्या मॅडमचं लक्ष घड्याळाकडे असतं आणि मागे चार केसेस थांबलेल्या असतात. आदल्या दिवशी ओटी लिस्ट लागते तेव्हा माग. आणि अख्खी केस मागू नकोस, एक पायरी माग.

उदाहरणार्थ: “सर, उद्या तीन नंबरच्या इन्ग्वायनल हर्नियात इन्सिजनपासून कॉर्ड उचलेपर्यंत मी करते. एक्स्टर्नल ऑब्लिक उघडताना इलिओइंग्वायनल नर्व्ह कुठे सापडते ते वाचून येते. तुम्ही समोर थांबा.” (कॉर्ड म्हणजे वृषणाकडे जाणारी दोरी, एक्स्टर्नल ऑब्लिक म्हणजे पोटाचा बाहेरचा स्नायू.) अशा वाक्याला नाही म्हणणं कठीण असतं, कारण त्यात जोखीम ठरलेली आहे, वेळ ठरलेली आहे आणि तुझी तयारी दिसते. दोनतीन केसेसमध्ये ही पायरी नीट झाली की पुढची माग: सॅक सोडवणं. मग मेश, आणि त्यात प्युबिक ट्यूबर्कलच्या (जांघेजवळच्या हाडाच्या उंचवट्याच्या) पलीकडे मेश दोन सेंटिमीटर जायलाच हवी, हे तू स्वतःहून बोलून दाखव. अशा तुकड्यातुकड्यांनी पूर्ण हर्निया तुझ्या नावावर होतो, आणि कोणी तुला एकदम खोल पाण्यात ढकललेलंही नसतं.

सरांनी तरीही दिलं नाही तर कारण विचार, नम्रपणे पण नेमकं: “सर, कॉन्फिडन्स म्हणजे कोणती गोष्ट कमी वाटते? गाठ, डिसेक्शनचं प्लेन (दोन थरांमधली जागा), की वेग?” शिकवणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारला की त्यालाही विचार करावा लागतो. मला एका रेझिडेंटने हाच प्रश्न विचारला होता, आणि उत्तर देताना माझ्या लक्षात आलं की मला तिचं डाव्या हाताचं टिश्यू धरणं खटकत होतं, बाकी काहीच नाही. डाव्या हाताचा सराव करता येतो. ‘कॉन्फिडन्स’चा करता येत नाही.

सरावाला फार काही लागत नाही. पुठ्ठ्याचं खोकं, वर मोबाइलचा कॅमेरा, ओटीतून बाद झालेली ग्रास्परची (लांब चिमट्यांची) जोडी. मटारचे दाणे या वाटीतून त्या वाटीत, मग गॉजवर काढलेलं वर्तुळ कात्रीने रेषेवरून कापणं, मग खोक्याच्या आत गाठ. रोज थोडा वेळ, पण रोज. आणि तिसऱ्या ते पाचव्या सेमिस्टरमध्ये कधीतरी जी तीन महिन्यांची डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी असते, ती सुट्टी समजून घालवू नकोस. जिल्हा रुग्णालयात सर्जन कमी आणि काम भरपूर असतं. तिथल्या सर्जनना पहिल्याच दिवशी भेटून सांग की मला हात घालायचा आहे. माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली सिव्हिलमधून परत आल्या त्या वेगळ्याच होऊन आल्या.

आता शंकेबद्दल. तुझ्या प्रश्नात एक वाक्य आहे: “मला सारखं वाटतं, हे कापू की नको.” या वाक्याची तुला लाज वाटतेय असं दिसतं. मला ते वाचून बरं वाटलं. लॅप कोलीचं, म्हणजे दुर्बिणीने पित्ताशय काढण्याचं उदाहरण घे. क्लिप लावायच्या आधी तीन गोष्टी दिसायलाच हव्यात: पित्ताशयाच्या मुळाशी असलेल्या त्रिकोणातली चरबी आणि तंतू साफ झालेत, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून सुटलाय, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोन आणि दोनच नळ्या (सिस्टिक डक्ट म्हणजे पित्ताशयाची नळी, आणि त्याची आर्टरी) उरल्यात. हे तिन्ही दिसेपर्यंत ज्याला शंका येत नाही, तो सर्जन एक दिवस कॉमन बाइल डक्ट (यकृताची मुख्य पित्तनळी) कापतो. त्या पेशंटचं आयुष्य त्यानंतर पूर्वीसारखं राहत नाही.

फरक एवढाच करायला शीक की शंका कशाबद्दल आहे. ‘ही नळी खरंच सिस्टिक डक्ट आहे का?’ ही शंका कामाची, तिला उत्तर आहे: अजून साफ कर, दुसऱ्या बाजूने बघ, सीनिअरला बोलाव. ‘मी सर्जन व्हायच्या लायकीची आहे का?’ या शंकेला टेबलावर उत्तर नाही, तिथे ती फक्त वेळ खाते. दुसरी आली की मनातल्या मनात तिला पहिलीत बदलायचं: मला नेमकं काय दिसत नाहीये? आणि ते मोठ्याने बोलायचं. “त्रिकोण साफ झाला, खालचा भाग सुटला, मागच्या बाजूने अजून एक धागा दिसतोय, तो आर्टरीची फांदी वाटते, तो स्पष्ट झाल्याशिवाय क्लिप लावत नाही.” तू गप्प थांबलीस तर समोरच्याला घाबरलेली मुलगी दिसते. तेवढाच वेळ थांबून हे बोललीस तर विचार करणारी सर्जन दिसते. बोलताना आवाज चढवायची गरज नाही. ओटीत ओरडणं, हत्यार फेकणं याला काही ठिकाणी अजूनही दरारा समजतात. त्याने सिस्टर आणि ज्युनिअर बोलायचे थांबतात, आणि स्पंज मोजणीत एक कमी आहे हे सांगणारा आवाजही त्यांच्यातच असतो. ती ओरडायची सवय उचलू नकोस.

एखादा पेशंट बिघडला की काय होतं, यावर वेगळं सांगायला हवं. लीक होतो (आतड्याचा जोड गळतो), जखम पिकते, कधी पेशंट जातो. हे प्रत्येक सर्जनच्या वाट्याला येतं. मात्र त्याची किंमत सारखी नसते. हेदर सार्सन्स या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या (वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं की पेशंट दगावल्यावर स्त्री सर्जनकडे पेशंट पाठवणं डॉक्टर पुरुष सर्जनच्या तुलनेत बरंच जास्त कमी करतात. तेव्हा एक कॉम्प्लिकेशन झालं की मुली आतून का कोसळतात, त्याला बाहेरचं कारणही आहे, ती नुसती हळवेपणाची गोष्ट नाही. माझ्या रेझिडेंटना मी दोन गोष्टी करायला लावते. मॉर्टॅलिटी मीटिंगमध्ये (दगावलेल्या, बिघडलेल्या केसेसच्या चर्चेत) केस स्वतः मांडायची, तारीखवार: चौथ्या दिवशी नाडी किती, ड्रेनमध्ये काय, सीटी कधी सांगितला, कधी झाला. विशेषणं नाहीत, माफीची भाषा नाही. आणि त्याच आठवड्यात तशीच दुसरी केस करायची, सीनिअर समोर उभा ठेवून. मध्ये महिना गेला की भीती घट्ट होते.

पेशंट ‘सिस्टर’ म्हणतात, ‘डॉक्टर कधी येणार’ विचारतात, हा त्रास खरा आहे, पण त्यावर फार शक्ती घालवू नकोस. राउंडला पहिलं वाक्य ठरवून टाक: “मी डॉक्टर अमुक, तुमच्या ऑपरेशनच्या टीममधली सर्जन.” सिस्टरना कमी लेखल्यासारखा सूर नको, कारण रात्री दोनला तुझ्या पेशंटचं बीपी पडतंय हे त्याच सांगणार आहेत.

युनिटमध्ये एकटी असलीस तरी कॉलेजात एकटी नसशील. ऑर्थो, ईएनटी, गायनॅक, ॲनेस्थेशिया, कुठेतरी एखादी सीनिअर मॅडम असेल जी रोज ओटीत उभी राहते. तिच्याकडे जाऊन अर्धा तास माग. मद्रासला डॉ. टी. एस. कनका 1968 साली न्यूरोसर्जन झाल्या, देशातल्या पहिल्या स्त्री न्यूरोसर्जन. त्यांना विचारायला पुढे कोणी बाई नव्हती. तुला आहे, तर विचार.

दोन गोष्टींत मात्र वरचं काहीच लागू होत नाही. युनिटमध्ये घाणेरडे विनोद, नकोसा स्पर्श, ‘गोड बोललीस तर केस देतो’ असलं काही असेल, तर तो कॉन्फिडन्सचा विषयच नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसं काम करतात अशा प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. लेखी तक्रार दे, तारखा आणि मेसेज जपून ठेव, एकटीने जाऊ नकोस. रात्री ड्युटीरूमला कडी नाही, कॉरिडॉरमध्ये दिवा नाही म्हणून भीती वाटत असेल, तर तीही मनाची दुर्बलता नाही. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्यात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीचं काय झालं ते सगळ्या देशाला माहीत आहे. कडी आणि दिवा मागणं हा तुझा हक्क आहे. दुसरी गोष्ट: झोप मिळूनही झोप लागत नाही, रोज रडू येतं, जगणं नकोसं वाटतं, असं असेल तर आधी सायकियाट्रीच्या ओपीडीत जा, किंवा 14416 वर टेलि-मानसला (मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला) फोन कर. ब्रँचचा निर्णय अशा मनःस्थितीत घ्यायचा नसतो.

सोडावं का? आईला मी दोष देणार नाही, तिला तुझी झोप दिसते, तुझी ओटी दिसत नाही. तिला एकदा नीट सांग की तुला अडचण कशाची आहे. पण निर्णय तूच घे आणि स्वतःला एकच विचार: हातात सुरी असते, समोरचं प्लेन उघडत जातं, कोणी ओरडत नसतं, तेव्हा तुला तिथे असावंसं वाटतं का? वाटत नसेल तर दुसरी ब्रँच घेण्यात काहीही वाईट नाही. सर्जरी आवडत नाही म्हणून सोडलेले आणि सुखात असलेले उत्तम डॉक्टर मी पाहिलेत. वाटत असेल, तर केस न मिळाल्यामुळे सोडू नकोस. युनिट बदलून मिळतं का ते एचओडींना (विभागप्रमुखांना) विचार, कारण काही वेळा सगळा प्रश्न एका युनिटचा असतो.

आता पुढचे तीन महिने आदल्या संध्याकाळी लिस्टवर एक पायरी मागत जा आणि लॉगबुक रोजच्या रोज भर. मग इथेच लिही: ए किती, पीए किती, हर्निया वेगळे, अपेंडिक्स वेगळे, आणि कुठल्या पायरीला हात अडतो. त्यावरून पुढचं बोलू.